देवकाने कागद उलटा धरला

भिलाईला जायचे मी एका ओळीवरून ठरवले. ती ओळ देवकाच्या पत्रात होती. देवका आमच्या नागपूरच्या वर्गात पाच वर्षे शिकली, मॅट्रिक झाली, लग्न होऊन भिलाईला गेली. तिथून तिने लिहिले, "बाई, मी इथं मिक्सरवर आहे."

आमची संस्था लहान आहे. वस्तीतल्या दोन खोल्या, तीन शिक्षिका, एक फळा. पण आमचा हट्ट मोठा. मुलींना मॅट्रिक करायचे आणि मग नोकरीच्या दारापर्यंत स्वतः पोचवायचे. नुसते शिकवून सोडून देणे म्हणजे माणसाला नदीच्या मध्यावर आणून होडीतून उतरवणे, असे मी गेली कित्येक वर्षे व्यासपीठांवरून ओरडून सांगते आहे. देवकाचे पत्र आल्यावर मला दारूगोळाच मिळाला. वर्षभर मी सभांतून सांगत फिरले, "पोलादाच्या कारखान्यात आमची पोरगी यंत्रावर उभी आहे!" टाळ्या पडायच्या. मिक्सर म्हणजे काय, हे ना मी विचारले, ना टाळ्या वाजवणाऱ्यांनी.

अशात कळले की कारखान्याला टेलिफोनवर बसवायला मॅट्रिक झालेल्या मुली हव्या आहेत आणि नावे दुर्गच्या नोकरी-नोंदणी कार्यालयातूनच जाणार आहेत. देवकाचे नाव त्यात हवेच. मी तिच्या प्रमाणपत्राची नक्कल, दोन लुगडी आणि संस्थेची पाचशे पत्रके घेतली आणि निघाले.

तुम्ही जाणार असाल तर सकाळच्या पॅसेंजरने जा. तिसऱ्या वर्गात खिडकी मिळते आणि देश दिसतो. गोंदियाला पोटभर खाऊन घ्या, पुढे चहा आणि शेंगदाणे एवढेच. डोंगरगडच्या जंगलात गाडी इतकी हळू चालते की माणसे उतरून बोरे वेचून परत चढतात. समोर बसलेले एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले, "भिलाईले चालल्या? जा जा. तिथं आता लोखंडाचं पीक घेऊन राहिले." चार वर्षांपूर्वी नागपूर आणि दुर्ग एकाच राज्यात होते. आता मधे रेघ आली आहे, पण त्या डब्यात ती कुणाला दिसली नव्हती.

दुर्गला दुपारी उतरले. स्टेशनबाहेर टांगे असतात. नवे पैसे येऊन दिवस झाले तरी टांगेवाला भाडे आण्यांतच सांगतो, घासाघीस करा. रस्ता लाल मुरमाचा. ट्रक गेला की पुढची पाच मिनिटे घोडा, टांगेवाला आणि आपण, तिघेही एकाच रंगाचे. धूळ बसली आणि एकदम चिमण्या दिसल्या. कारखान्याच्या धुराड्यांना चिमणी म्हणतात हे मला माहीत होते. पण पुस्तकातली चिमणी वेगळी आणि आकाशाला टेकलेली वेगळी. एक भट्टी पेटलेली होती. मी टांग्यात उभी राहिले. टांगेवाला म्हणाला, "बैठिए माताजी, घोडा बिदकता है."

देवका राहते ती जागा म्हणजे मजुरांचा कॅम्प, पत्रे आणि कुडाच्या रांगा. दारात तिची सासू गहू निवडत बसली होती.

"देवका मिक्सरवर आहे ना?" मी ऐटीत विचारले.

"सकाळपासून मिक्सरवरच आहे," म्हातारी म्हणाली. "तुमी नागपूरच्या मास्तरीणबाई का? रोज तुमचं नाव घेऊनच जेवते ते. या, दाखवतो तुमाले."

आम्ही चालत सेक्टर सहाला गेलो. तिथे कामगारांचे क्वार्टर उठत आहेत, ज्याची जशी श्रेणी तसे घर. एका रांगेचा स्लॅब ओतला जात होता. मधोमध एक लोखंडी पिंप गडगडत फिरत होते, त्याच्या तोंडातून ओले काँक्रीट घमेल्यांत पडत होते आणि बायकांची रांग ती घमेली डोक्यावर घेऊन फळ्यांच्या उतरणीवरून छतावर चढत होती. रेजा, म्हणजे बांधकामावरच्या बायका. सासूने पिंपाकडे बोट केले. "हे मिक्सर."

रांगेत चौथी देवका होती.

मला घाम फुटला. हिवाळ्यात. ज्या डोक्यात मी बीजगणित घातले त्या डोक्यावर चुंबळ होती. तिने मला पाहिले, घमेले वर नेऊन ओतले, रिकामे घेऊन खाली आली आणि मगच माझ्याजवळ थांबली.

"बाई! कावून आल्या? कळवून तरी याचं होतं."

"तू मिक्सरवर आहेस म्हणून लिहिलंस…"

"मग? खोटं थोडीच लिवलं?" ती हसली. मग माझे तोंड पाहून तिचे हसू गेले. "बाई, एक ध्यानात ठेवा. मले इथं वाचता येत नाही."

मला वाटले गडगडाटात मी चुकीचे ऐकले.

संध्याकाळी चुलीपाशी तिने सगळे सांगितले. आधी कारखान्यात नोकरी शोधली. सहा महिने कुणी दार उघडले नाही. नवरा खलाशी, उंचावर लोखंड चढवायच्या कामावर. पाय मोडून तो चार महिने पडून होता. मग ती टोळीत गेली. टोळीचा मुकादम रामाधार. त्याच्याकडे पूर्वी एक शिकलेली रेजा होती. तिने हजेरीचे बुक वाचले, त्यातले खोटे खाडे पकडले आणि साऱ्या बायकांना गोळा करून भांडण काढले. तेव्हापासून त्याचा नियम एकच: अक्षर येणारी बाई नको. देवकाने हजेरीवर अंगठा लावला. पुढे टोळीची नावे दुर्गच्या कार्यालयात नोंदवली गेली, तेव्हा तिच्या कार्डावर 'निरक्षर' पडले.

"अंगठा?" मी ओरडले. "तू? मी सभांमधून सांगत फिरते की आपल्या घरातला शेवटचा अंगठा आता…"

"बाई," सासू मधेच म्हणाली, "सभेत भात शिजते का?"

मी गप्प बसले नाही. गप्प बसणे मला येत नाही. मी म्हणाले, उद्या दुपारच्या सुट्टीत मी येते आणि त्या बायकांना सांगते की अक्षर ही लपवायची चोरी नाही. देवका म्हणाली, "नका येऊ बाई. हात जोडतो." मी तिच्या जोडलेल्या हातांकडे पाहिले आणि त्यांत मला फक्त भीती दिसली. तिचे शहाणपण मला दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पत्रके घेऊन गेले. बायका सावलीला बासी खात होत्या, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि मिरचीसोबत. उन्हात काम करणाऱ्याने हेच खावे. मी खाल्ले आणि सांगते, थंडगार लागतो. उतईहून पहाटे चालत येणारी फुलबाई मला म्हणाली, "खा ले दीदी, भासन दे बर ताकत लागही." भाषण द्यायला ताकद लागेल म्हणे. सगळ्या हसल्या, मीही. मग मी प्रत्येकीच्या हातात पत्रक दिले. वर ठळक अक्षरांत होते: शिका, आणि शिक्षणाला कामाशी जोडा. देवकाने पत्रक घेतले नाही. ती भांडे घासत राहिली.

रामाधार आला. अंगावर ओरडणारा कुणी राक्षस मी मनात उभा केला होता. हा तर चष्मा लावलेला, नीट बोलणारा माणूस. "नमस्ते बहनजी. पर्चा है? दिखाइए." त्याने ते वाचले, मान डोलावली. "बहुत अच्छा है." मग त्याने बायकांच्या हातातली सगळी पत्रके गोळा केली, जणू मला परत द्यायला. आणि बायकांना रांगेत उभे केले.

एकेक पत्रक तो एकेकीला देऊ लागला. उलटे. डोके खाली, पाय वर.

मला काही कळेना. फुलबाईने ते उलटेच धरले आणि त्याच्याकडे बघत राहिली. पुढचीनेही. तिसरी कमला, अहिवाऱ्याची, चुन्याच्या खाणीपलीकडच्या गावातली, एकवीस-बावीसची. तिच्या हातात कागद पडला आणि तिच्या बोटांनी तो सरळ केला. तिने नव्हे, बोटांनी. अक्षर ओळखणारा हात अक्षराला उलटे राहू देत नाही.

"कितनी पढ़ी है?" रामाधारने मऊ आवाजात विचारले.

"चौथी," कमला म्हणाली.

"कल से मत आना."

आणि मग तो देवकापुढे आला. आमचे पत्रक. आमच्या फळ्याशेजारी बसून ज्याचा मजकूर तिन्ही शिक्षिकांनी आणि मी मिळून लिहिला ते पत्रक. त्याने ते उलटे दिले. देवकाने ते उलटेच धरले. डोळे अगदी कोरे. आमच्या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी 'शिका' हा शब्द पायाकडून डोक्याकडे पाहत होती, आणि तिच्या अंगठ्याखाली पत्रकावर छापलेले माझेच नाव दाबलेले होते. रामाधार पुढे गेला.

मी आयुष्यात पुष्कळ क्रौर्य वाचले आहे, जगभरच्या ग्रंथांत. इतके स्वस्त आणि इतके स्वच्छ क्रौर्य मी कुठे वाचले नव्हते. आणि त्याला लागणारा कागद मी स्वतः छापून, गाडीभाडे भरून, इथवर आणून दिला होता.

मी त्याच्यावर तुटून पडले. मी काय काय बोलले ते आठवत नाही, बोलले पुष्कळ. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बहनजी, आप शाम की गाड़ी से चली जाएँगी. मुझे कल भी छत ढालनी है." कमला तोवर आपली चुंबळ सोडून, लुगड्याचा पदर झटकून निघून गेली होती.

त्या संध्याकाळी देवकाने भाकरी वाढली, पाणी दिले. मग म्हणाली, "कमलाचा बाप दम्यानं पडून आहे. तिचंच खातेत घरचे. मी नाही म्हटल्यावर तुमी कावून आल्या?"

तिसऱ्या दिवशी पहाटे मी पिशवी भरत होते, तर देवका धुतलेले लुगडे नेसून दारात उभी. "चला दुर्गले."

"मुकादमाला कळलं तर?"

"कळंलच. त्याचा मुन्शी रोज तिथं जाऊन बसतो." तिने माझी पिशवी उचलली. "काल हातात कागद होता ना बाई, तर मले खरंच वाचता आलं नाही. उलटं होतं म्हणून नाही. मी पाहून राहिली, आन् नुसत्या रेघा दिसल्या. मले भेव वाटलं."

कार्यालय स्टेशनपासून चालत जाण्याजोगे आहे. दहाला उघडते, रांग आठपासून लागते, सावली नाही, छत्री न्या. आमची पाळी आली तेव्हा बारा वाजत आले होते. खिडकीमागचे कारकून वयस्क आणि शांत होते. त्यांनी तिचे कार्ड काढले, आमचे प्रमाणपत्र शेजारी ठेवले, दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले.

"यहाँ निरक्षर लिखा है. अंगूठा भी है. झूठ कौन सा है?"

माझे भाषण ओठांवर आले. ठेकेदार, मुकादम, उलटे कागद, सगळे सांगायचे, नावे घेऊन सांगायचे! देवकाने माझा हात घट्ट दाबला. मुकादमाचे नाव इथे निघाले असते तर चौकशी टोळीवर आली असती, आणि त्या टोळीत अजून दोघी-तिघी अक्षर गिळून काम करत होत्या. ते मला कालच कळायला हवे होते. मी तोंड मिटले.

"अंगूठा झूठ था," देवका म्हणाली. "मेरा झूठ. किसी और का नहीं."

कारकुनांनी तिला कोरा अर्ज दिला. दुरुस्ती हवी असेल तर इथेच, समोर, स्वतःच्या हाताने लिहा. खिडकीतून सरकवलेला तो कागद तिच्याकडे उलटा आला. तिने तो तसाच धरला. किती वेळ, कोण जाणे. रांगेतले लोक कुरकुरू लागले. माझा हात शिवशिवत होता. मी तो पाठीमागे धरून ठेवला. मग तिने कागद सावकाश फिरवला आणि लिहायला बसली. अक्षर वाकडे येत होते. घमेल्याने मनगट जड झाले होते. पहिल्या ओळीत तिने तीन खाडाखोडी केल्या. पण लिहिले.

कारकुनांनी शिक्का मारला आणि सांगितले की दुरुस्ती झाली तरी नोंद आजपासूनची धरली जाईल. टेलिफोनच्या यादीत तिच्याआधी पुष्कळ नावे आहेत. वचन त्यांनी दिले नाही. मला ते आवडले.

बाहेर चिला खाल्ला, तांदळाच्या पिठाचे गरम धिरडे, टोमॅटोच्या चटणीबरोबर. दुर्गला गेलात तर चुकवू नका. देवका दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. मी दुपारच्या गाडीने निघाले.

घरी येऊन महिना झाला. भट्टीचा तो उजेड आठवतो, भिलाई पाहायला जरूर जा. एवढे मोठे काही माणसे उभारताना मी कधी पाहिले नव्हते. पण जाताना छापलेले काही नेऊ नका. आधी जाऊन बसा, बासी खा, कोण काय लपवते आहे आणि का, ते ऐका. आम्ही मुलींना दारापर्यंत पोचवतो, असे मी म्हणत होते. दाराच्या आत काय आहे हे आम्ही एकदाही पाहिले नव्हते. आता वर्गातली कुणीही कुठे कामाला जायच्या आधी आमच्यापैकी एकजण तिथे जाऊन आठवडाभर राहणार आहे. शिक्षिकांनी हे मान्य केले, एक म्हणाली, "हे आधी सुचलं असतं तर?" मी तिच्यावर रागावले नाही.

काल देवकाचे पत्र आले. टेलिफोनच्या यादीत तिचे नाव लागले नाही. मी निघाल्यावर तिसऱ्याच दिवशी रामाधारने तिला काढले. कार्डावर आता 'मॅट्रिक' आहे. नवऱ्याचा पाय बरा आहे, सेक्टरमधल्या एका शाळेत मदतनीस घेणार आहेत म्हणतात, तिथे ती अर्ज घेऊन गेली आहे. हे सगळे चार ओळींत. पाचवी ओळ अशी: "माझं मी पाहून राहिली बाई. कमला घरी बसून आहे. तिचं तुमी काय करता ते कळवा."

या ओळीला टाळ्या पडत नाहीत. उद्या सकाळच्या पॅसेंजरचे तिकीट काढले आहे. दुर्गहून अहिवाऱ्याला बैलगाडी मिळते की चालावे लागते, ते तिथे गेल्यावर विचारीन.