न हलणारं दाखवणारं यंत्र

तलावावर दादाची कयाक, एकट्यानं वल्हवायची ती अरुंद होडी, सापडली; दादा सापडला नाही. अकराव्या दिवशी शोधपथक परत गेलं, तेव्हा लेथवर काम करणारा त्याचा धाकटा भाऊ मासे शोधायचं यंत्र घ्यायला दुकानात आला.

दुकानदारानं स्वस्तातलं पुढे केलं. "याच्यात मासा गेला की पडद्यावर माशाचं चित्र येतं."

"आणि तळाशी न हलता पडलेलं काही दिसतं?"

दुकानदारानं स्वस्तातलं यंत्र बाजूला सारलं. दादा त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं दुसरा डबा उघडला. "हे दोन्ही बाजूंचा तळ दाखवतं. पण कयाक सरळ न्यायची, रमतगमत चालल्यासारखी. घाई केलीत तर काहीच ओळखू येणार नाही."

"अकरा दिवस झाले हो. घाई नको कशी?"

"म्हणूनच सांगतोय."

भावानं वल्हं धरल्यासारखे हात हवेत धरले आणि सावकाश फिरवून पाहिले. लेथवर केसभर चूक न करणारे ते हात पुन्हापुन्हा पुढे धावत होते.

"तुम्ही आकडे मोजा," तो म्हणाला, "मी त्या ठेक्यावर वल्हं मारतो."

दुकानदारानं स्टूल ओढलं आणि संथपणे मोजायला सुरुवात केली.