हुंकाराची जागा

आबा, म्हणजे माझे वडील, गोष्ट सांगायचे तेव्हा कुणीतरी हुंकार द्यावाच लागे. "मंग आम्ही नदीपाशी आल्तो," म्हणून ते थांबायचे. समोरून "हूं" आलं की मगच मेंढरं पाण्यात उतरायची. हुंकार नाही आला, तर सगळे झोपले असं समजून ते गोष्ट अर्ध्यावर सोडून द्यायचे. मेंढरांमागं हिंडणाऱ्या आमच्या घरात लहानपणी हुंकार द्यायचं काम माझ्याकडे होतं.

पुढं मी मंठ्याच्या शाळेत शिकवायला लागले आणि आबांच्या गोष्टींतल्या त्या मेंढरांमागच्या वाटा लिहून काढल्या. संध्याकाळी मी वाचायची, आबा बाजेवर पडून हुंकार द्यायचे. त्यांना दम लागायला लागला होता. पुस्तक निघावं आणि ते आबांनी ऐकावं, एवढी एकच घाई मला होती.

शाळेतले सर म्हणाले, "मोबाइलवर टाका मॅडम, तासाभरात लोकं वाचतेत." जालन्याचा छापखानेवाला म्हणाला, खर्चा तुमचा, पुस्तकं तुमच्या घरी. पण माझा जीव पुण्यात अडकला होता. कधी तिकडं जाणं झालंच, तर पुस्तकांच्या दुकानात मी उगाच रेंगाळायची, माझ्या आडनावाचं अक्षर जिथं येईल त्या फळीवर बोट टेकवायची. वेडेपणा होता, पण होता.

पुण्याच्या प्रकाशकांना लिखाण आवडलं. संपादकबाईंनी एक प्रकरण हात फिरवून पाठवलं. मी शाळेत पेढे वाटले आणि संध्याकाळी ते आबांना वाचायला घेतलं. लिखाण चांगलंच नेटकं झालं होतं. "मंग पुढं निघालो", "मंग तिथं थांबलो" हे सारखं सारखं येतं म्हणून सगळं काढलेलं होतं.

आबांचा हुंकार येईना. मला वाटलं झोपले. पाहिलं तर डोळे उघडे.

"आबा, ऐकून राह्यले ना?"

"ऐकून राह्यलो की. छान हाय. कोणाचं हाय?"

"तुमचंच तर हाय."

"मंग हुंकार कुठं द्यायचा, माय? जागाच न्हाई ठेवली. लई जल्दी चाललेत मेंढरं."

मी संपादकबाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, वाचक कंटाळतो." त्यांचंही काही खोटं नव्हतं. त्या जागा परत घालायला त्या तयार नव्हत्या, आणि त्या जागांशिवाय मला ते आबांपुढे वाचवेना. शेवटी मीच नको म्हणून कळवलं. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांनी माझं पुणं हिरावून घेतलं, म्हणून पुढं काही दिवस मी आबांशी तुटकच बोलत होते. भाकरी वाढायची आणि आत जायची. ते मात्र रोज बाज अंगणात ओढून वाट बघत बसायचे.

पुस्तक जालन्यात छापलं. मुखपृष्ठावरची मेंढरं निळसर उतरली. आबा म्हणाले, बिमार दिसतेत. पण सगळं पुस्तक त्यांनी ऐकलं, एकही हुंकार न चुकवता. शेवटी शेवटी आवाज फुटत नव्हता, तेव्हा नुसती मान हलायची. त्या थंडीत ते गेले.

पुण्याची ती फळी मला अजून हवीशी वाटते, खोटं कशाला बोलू. मागच्या महिन्यात आष्टीच्या वाचनालयात वाचायला बोलावलं होतं. बरीच माणसं आली होती. मी वाचत वाचत त्या ओळीपाशी आले, "मंग आम्ही नदीपाशी आल्तो," आणि सवयीनं थांबले. सगळे शांतपणे माझ्याकडे बघत राहिले. मी थांबूनच होते. मला आबा हवे होते, दुसरं काही नाही. मला ओळ सापडत नाही असं वाटून पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. मी पाणी प्यायले आणि मेंढरं नदीत उतरवली.