एका हातात मावणारी पुस्तकं

वर्ष संपत आलं की वर्तमानपत्रांतून याद्या येतात : वाचायलाच हव्यात अशा नव्या कादंबऱ्या, चुकवू नयेत असे कथासंग्रह. या याद्या करणाऱ्या सगळ्यांना दोन हात असतात. पुस्तक वजनाला किती, एका हातात धरून अंगठ्यानं पान उलटता येतं का, हे त्यांतला एकजणही लिहीत नाही. मला याचा राग येतो. पण मीही तशीच एक यादी केली होती, आणि ती त्या सगळ्यांपेक्षा वाईट होती.

बाबा सातिवलीच्या एका खोक्यांच्या कारखान्यात चोवीस वर्षं होते. छपाईत बिघडलेले पुठ्ठ्याचे कागद ते घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी माझी पहिली पत्रकं लिहिली. फुलपाड्यात पाणी चार दिवसांनी येतं, टँकर कोणाचे आहेत, उत्तर द्या. अशी पत्रकं. बाबा ती वाचायचे, शुद्धलेखन सुधारायचे आणि पुन्हा आपल्या कथासंग्रहाकडे वळायचे. मी कथा-कादंबऱ्यांना फुरसतीचा उद्योग समजत होते. तसं तोंडावर म्हणालेही होते.

मग त्यांची मूत्रपिंडं गेली. मी पाण्यासाठी मोर्चे काढत होते आणि घरात बाबांना दिवसाला पाऊण लिटर पाणी मोजून देत होते. यावर पत्रक काढता येत नाही.

मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. चार तास. डाव्या हातात दोन जाड सुया. तो हात हलला की मशीन ओरडायला लागतं. उरला उजवा. त्या हातानं बाबांनी नवं मराठी साहित्य वाचून काढलं. महापालिकेच्या वाचनालयात नवं काही मिळत नाही, म्हणून मी प्रदर्शनांतून पुस्तकं आणायचे. आधी आणली ती जाडजूड, पुठ्ठा बांधणीची. पहिल्याच दिवशी एक त्यांच्या छातीवर पडलं. तेव्हापासून मी प्रदर्शनातल्या दुकानात उभी राहून प्रत्येक पुस्तक एका हातात धरून बघायचे. दुकानदाराला वाटायचं, बाई रद्दी घ्यायला आलीय.

बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर वटारच्या एक मावशी असत. केळीची बाग, नातवंडं, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाबांना विचारलं, तुम्ही मनातल्या मनात काय वाचता, आम्ही काय घोडं मारलंय? तेव्हापासून बाबा तास-दीड तास वाचायचे आणि मग वाचलेलं त्यांना सांगायचे. कादंबरी असली तर मंगळवारी सांगितलेलं गुरुवारी पुढे.

त्या दिवसांत एक कादंबरी चालू होती. शाळेची व्हॅन चालवणारी एक बाई. नवरा एका सकाळी डबा घेऊन जातो आणि परत येत नाही. तो गेला तीच गल्ली ती रोज सतरा मुलं घेऊन ओलांडते. तिच्या वाट पाहण्यावर सगळं पुस्तक उभं आहे. बाबा एका बैठकीत एकच प्रकरण वाचायचे, जास्त नाही. मी ती एका रात्रीत संपवली होती. खरं सांगायचं तर वाचली नव्हती, मुद्दा काढून घेतला होता.

डायलिसिस केंद्रात टीव्ही होता, दिवसभर मालिका. मला वाटलं, इथे बारा माणसं चार-चार तास पडून असतात, त्यांनी वाचावं. मी यादी केली. सहा पुस्तकं, प्रत्येकाला एक ओळ. एका शनिवारी ती वजनकाट्याच्या वर भिंतीला चिकटवली, कारण प्रत्येकाला आत जाताना तिथे उभं राहावंच लागतं. पत्रक कुठे लावायचं हे मला कळतं.

पत्रक कसं लिहायचं हेही कळत होतं. संघटनेत आम्हाला शिकवलं होतं : वाचणारा माणूस चालत असतो, त्याला थांबवू नका, निकाल पहिल्या ओळीत सांगा. व्हॅनवाल्या बाईच्या कादंबरीपुढे मी लिहिलं, ‘अखेर नवरा परत येतो तेव्हा ती दार उघडत नाही. प्रत्येकीनं वाचावी.’

बाबांचं वजन झालं, सुया लागल्या. तासाभरानं पाहिलं तर पुस्तक पोटावर तसंच मिटलेलं.

“आज वाचत नाही?” मी विचारलं.

“वाचलं की. काट्यापाशी.”

मला कळायला वेळ लागला. कळल्यावर मी वाद घातला. म्हटलं, काय होतं याला महत्त्व नसतं, का होतं ते बघायचं. शेवट कळला म्हणून बिघडावं असं काय आहे त्यात? चांगलं पुस्तक त्यापलीकडे असतं, वगैरे. भाषणाची मला सवय आहे. ते ऐकत राहिले. मग टीव्हीकडे बघत हळूच म्हणाले,

“शेवट माहीत असलेली एक गोष्ट माझ्याकडे आहे ना. तेवढी पुरे होती गं.”

मी उठून यादी काढली. चिकटपट्टीबरोबर चार ठिकाणी रंगाचे पोपडे आले. समोरच्या खुर्चीतला रिक्षावाला म्हणाला, “ताई, आमच्या मालिकेचा पण शेवट लिहून टाका, केबल तरी बंद करतो.” दोघंतिघं हसले. बाबाही हसले. यादी त्यांनी माझ्याकडून मागून घेतली, घडी करून पुस्तकात घातली.

मला वाटलं होतं, पुस्तक आता बंद. पण गुरुवारी त्यांनी पुढचं प्रकरण वाचलं आणि मावशींना सांगितलं. व्हॅनचा आरसा फुटतो ते, एका मुलाला ताप येतो ते. मावशींनी विचारलं, “भाऊ, तो येतो का परत?”

मी तिथेच स्टुलावर होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “अजून तिथवर गेलो नाही.”

पुढचा महिनाभर ते असंच सांगत राहिले. मावशी वाट पाहायच्या, आणि बाबाही त्यांच्याबरोबर वाट पाहायचे. मी बाबांकडून जे घेतलं होतं, ते बाबा मावशींकडून थोडं थोडं परत मिळवत होते. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी माफी मागितली असती. मी मागितली नाही. मला टँकरच्या सभेची घाई होती.

मग ताप आला, रक्तात जंतू गेले, आणि रुग्णालयात चौथ्या दिवशी बाबा गेले. पुस्तक घरी उशापाशीच राहिलं होतं. शेवटाकडची चाळीसएक पानं उरली होती. खूण म्हणून माझीच यादी होती.

माझ्या सहाही ओळी त्यांनी पेन्सिलनं खोडल्या होत्या, जशी माझी पत्रकं सुधारायचे तशा, सरळ रेषेत. पुस्तकांची नावं तेवढी तशीच राहू दिली होती. बाजूला बारीक अक्षरात स्वतःचं लिहिलं होतं. लॉजच्या खोल्यांवरच्या कथासंग्रहापुढे : ‘एका हातात राहतो. चार तासांत दोन कथा होतात.’ भूसंपादन अधिकाऱ्याच्या कादंबरीपुढे : ‘जाड आहे, खाली उशी घ्यावी. अधिकारी वाईट नाही, भित्रा आहे.’ नर्सनं लिहिलेल्या कथांपुढे : ‘तिसरी कथा सुया लागल्यावर वाचू नये. हसू येतं, हात हलतो.’ आणखी दोन. आणि व्हॅनवालीपुढे, माझी ओळ खोडून, दोनच शब्द : ‘वाचतो आहे.’

नावं इथे देत नाही. दिली की पुन्हा यादी होईल, आणि ती लावायचा हक्क माझा नाही. बाबांची यादी मात्र मी केंद्रात परत नेली. व्हॅनवालीपुढच्या माझ्या खोडलेल्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि काट्याच्या वर, पोपडे गेलेल्या जागीच लावली.

मावशी मला बघून खूप रडल्या. सुयांचा हात हलवायचा नसतो, म्हणून नुसते डोळे. मग दुसऱ्या हातानं पदर घेऊन तोंड पुसत म्हणाल्या, “तुज्या बानं आरसा नवीन बसवला तिथवर सांगितलं होतं, पोरी. पुढं?”

मी स्टूल ओढलं. तेव्हापासून शनिवारी जाते. एकच प्रकरण. मुद्दा काढायचा नाही, हे मला अजून नीट जमत नाही. मधेच आवाज सभेतल्यासारखा चढतो आणि मावशी म्हणतात, हळू, भाऊ असं नव्हते सांगत.

गेल्या शनिवारी व्हॅन पावसात बंद पडली तिथे थांबलो. दोन प्रकरणं राहिलीत. मावशींनी विचारलं, तो येतो का गं परत.

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, बघू.