फिरत्या चावीचे खिल्लारे साहेब

प्रल्हादराव खिल्लारे साहेबांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडत होतो तो मी एकटाच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बरीच वर्षे वाट पाहून आमच्या घरी टेलिफोन आला आणि महिन्याभरात तो मुका झाला. मी नुकताच कळमनुरीला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागलो होतो. आवाज चढवायला तेवढे पुरे होते. आखाडा बाळापूरच्या टेलिफोन केंद्रात जाऊन मी नको तितके बोललो. तिथे तंत्रज्ञ असलेल्या साहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि सायकलला पिशवी अडकवून ते माझ्याबरोबर गावी आले. त्यांनी खांब तपासला, जोड तपासले, मग मला खिडकीपाशी नेऊन हळूच म्हणाले, "लाइन बराबर आहे, सर. तुमी कॅलेंडरला खिळा ठोकला ना, तो वायरीतून गेलाय." वडिलांनी काय झाले होते म्हणून विचारले, तेव्हा मात्र ते म्हणाले, "काही न्हाई, जोड ढिला होता."

साहेब आमच्याच गावचे, बौद्धवाड्यात वाढलेले; तरी तोवर आमचे कधी बोलणे झाले नव्हते. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी गौरव समितीने मला 'साहेब आणि गावाचे इंटरनेट' असा विषय दिला. त्या कामात मी त्यांचा उजवा हात होतो, असे गौरव समितीच्या पत्रात म्हटले आहे. ते खरे नाही. जे खरे आहे ते लिहितो.

साहेबांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली त्या सुमारास बाळापूरला ब्रॉडबँड आले. आमच्या आडगावापर्यंत ती तार येण्याची शक्यता नव्हती. साहेबांनी बाळापुरात एका नातेवाइकाच्या गच्चीवर जोडणी घेतली, तिथून बिनतारी यंत्राने ती आमच्या पाण्याच्या टाकीवर आणली आणि टाकीवरून ओढ्यापलीकडच्या माळावरच्या तांड्यावर नेली. खांबाला बोअरचे जुने पाइप आणि अँटेनाला तेलाचे पत्र्याचे डबे वापरले. शाळेत, बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात आणि तांड्यावर एकेक संगणक बसला. हळदीचे भाव, परीक्षांचे निकाल आणि भरतीच्या जाहिराती गावात बसून दिसू लागल्या. हे चालवायला गावाची एक समिती झाली आणि मी तिचा सचिव झालो, कारण माझे अक्षर चांगले होते.

यंत्रे आणि बॅटऱ्या टाकीखालच्या खोलीत होत्या. त्या खोलीची चावी कोणा एकाकडे राहणार नाही, हा साहेबांचा नियम होता. गावातल्या चार गल्ल्या, बौद्धवाडा आणि तांडा यांच्याकडे ती आठवड्याआठवड्याने फिरे. ज्यांचा आठवडा, त्यांनी बॅटऱ्यांत पाणी घालायचे, धूळ पुसायची, तांड्याची जोडणी चालू असल्याचा यंत्रावरचा हिरवा दिवा लागलेला आहे ना ते पाहायचे आणि नसेल तर वाटेतल्या झाडांच्या फांद्या छाटायच्या. ओली पालवी बिनतारी लहर अडवते. एकदा मी चावी मागायला गेलो तर वरच्या गल्लीतल्या एका आजींनी ती चंचीतून बाहेरच काढली नाही. "सर असा न्हाईतर कलेक्टर असा," त्या म्हणाल्या, "आठवडा आमचा हाय. काय बघायचं ते सांगा, मी बघून येते."

या फिरतीचा मला त्रास वाटे. एकदा साहेबांना म्हणालो, "एकाच्या हातात दिली तर काम नीट होईल." ते म्हणाले, "'गावाची' हा शब्द मी लहानपणी लई ऐकला, सर. इहीर गावाची होती. पाणी मात्र आमाला दुसऱ्यानं वरून ओतायचं." त्यांना काय म्हणायचे आहे ते कळले, असे मला वाटले.

दोन वर्षांनी हिवाळ्यात तांड्याच्या आठवड्यात बॅटऱ्या कोरड्या पडल्या. निम्मा तांडा ऊसतोडीला गेला होता आणि ज्या घराकडे चावी होती ते घरही कुलूप लावून गेले होते. तीन दिवस सगळे बंद पडले. मी बैठक बोलावली आणि 'सोयीसाठी चावी सचिवांकडे राहील' असा ठराव लिहिला. तांड्यावरून कोणीच आले नव्हते. हात वर झाले. साहेबांचा झाला नाही. ते एवढेच म्हणाले, "पाळी चुकली असंल तर पाळी बदला, सर. चावी काहून बदलता?" मी ठरावाखाली सही केली. त्या दिवशीच्या माझ्या रोजनिशीत वाक्य आहे : 'आज व्यवस्था लागली.' ते आता वाचवत नाही.

बॅटऱ्या त्यानंतर कधीच कोरड्या पडल्या नाहीत. मी रोज पाणी बघे. तांड्याचा दिवाही बघे. चैत्रात ओढ्याकाठचे लिंब पालवले आणि तो दिवा विझला. मला वाटले, उन्हाळा आहे, संगणक कोणी लावत नसेल. पलीकडे जाऊन बघावे असे मनात आले नाही असे नाही. आले आणि राहून गेले. पावसाळा सुरू झाला तरी दिवा विझलेलाच होता.

तांड्यावरच्या सीताबाई राठोड यांची मुलगी सुनीता बारावी झाली होती आणि नर्सिंगच्या दुसऱ्या यादीची वाट पाहत होती. ती पंधरा दिवस रोज संगणक लावून बघत होती. पान उघडत नव्हते. शेवटी ती कळमनुरीला गेली, तेव्हा यादीत नाव होते आणि प्रवेशाची मुदत आदल्या दिवशी संपली होती.

हे कळल्यावर मी तांड्यावर धावलो. वर चढता चढता मनात स्वतःची बाजूही रचत होतो. "मला सांगायचे नाही का? एक फांदी तर होती!" मी म्हणालो.

सीताबाई ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले नाही. "तुमच्या यंत्राला आमी काहून हात लावावा, सर? चावी आमच्याकडं व्हती तवा आमची पोरं झाडावर चढत व्हती. तुमी नेली. आमाला वाटलं, आता तुमीच बघतान."

दुसऱ्या दिवशी साहेब सुनीताला घेऊन नांदेडला गेले. नर्सिंग कॉलेजच्या बाकावर ते दिवसभर बसून राहिले, तीन टेबलांवर त्यांनी तीच विनंती केली. जागा गेली ती गेलीच. परतल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा बोलणी खायची माझी तयारी होती. त्यांनी विचारले, "जेवले का, सर?" मी नाही म्हणताच त्यांनी ताट वाढायला सांगितले. त्या जेवणाइतकी शिक्षा मला कोणी दिलेली नाही.

मी ठराव मागे घेण्यासाठी बैठक लावली. चार माणसे आली. चावी घ्यायला कोणीच पुढे झाले नाही. ज्यांच्याकडे ती सहज फिरत होती त्यांना आता ते दुसऱ्याचे काम वाटत होते. पुढच्या पावसाळ्यात वीज पडून टाकीवरचे यंत्र जळाले आणि ते दुरुस्त करा म्हणायलाही कोणी आले नाही. साहेबांनी डबे उतरवून पुसून ठेवले. सुनीताचे लग्न झाले. गौरव समितीच्या पत्रात मात्र 'विजेमुळे उपक्रम थांबला' असे आहे. विजेने जळाले ते फक्त यंत्र.

गेल्या महिन्यात मी साहेबांना म्हणालो, "पुन्हा उभे करू." ते म्हणाले, "मला काय इचारता? तांड्याला इचारा." मी गेलो. सीताबाईंनी या वेळी बसायला पोते टाकले. म्हणाल्या, "माझं काय हाय त्यात? नुकसान पोरीचं झालं. ती नवऱ्यासंगं सांगलीकडं उसाला गेलीय. आली का तिलाच इचारा."

हंगाम संपला की सुनीता येईल. मी हे साहेबांना सांगितले आणि बरोबर येण्याची विनंती केली. गुडघ्यावर हात फिरवत ते म्हणाले, "चढ लई हाय. पण येतो. बोलायचं मात्र तुमी."

साहेबांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे शाबूत राहोत आणि श्वास पुरो. हा उन्हाळा आणि पुढचे पुष्कळ उन्हाळे त्यांना तो माळ चढता येवो. बोलायचे काय, ते मी रोज लिहितो आणि खोडतो आहे.