दोरीवरचा यंत्रमानव

वास पहिल्यांदा बायकोला आला. चादरी काढायला तिनं बेडरूममधलं कपाट उघडलं आणि म्हणाली, "चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरमधल्या मिरच्यांची बाटली असते ना, तसा वास येतोय." मी नाही म्हणालो. वास मलाही येत होता, पण ज्याची आपण वर्षानुवर्षं धास्ती घेतलेली असते ते आलं की माणूस आधी नाहीच म्हणतो.

त्या कपाटाच्या वरच्या खणात माझी जपानी चित्रं असतात. जुन्या यंत्रमानवांच्या कार्टूनसाठी हातानं रंगवलेली, मूळ. पारदर्शक प्लास्टिकवर पुढून काळ्या रेषा, मागून रंग. एकेका हालचालीसाठी अशी ढिगानं काढायचे, कॅमेऱ्याखाली धरायचे आणि काम झालं की टाकून द्यायचे. पुढे आमच्यासारखे लोक तो कचरा विकत घेऊ लागले आणि त्याला संग्रह म्हणू लागले.

लहानपणी बोरिवलीत आमच्या गल्लीतल्या व्हिडिओवाल्याकडे एक झिजलेली कॅसेट मिळायची. तिच्यात लाल छातीचा यंत्रमानव होता, म्हणून मी पहिलं चित्र त्याचंच घेतलं. परवडलं, कारण त्यात त्याचे डोळे अर्धवट मिटलेले आहेत. भाव असतो तो डोळे सताड उघडून तलवार उगारणाऱ्यांना. माझा मात्र बसची वाट पाहता पाहता पेंगल्यासारखा दिसतो. जग वाचवणाऱ्यालाही झोप येते, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

वास त्याचाच होता. हे प्लास्टिक जुनं झालं की सडतं, सडताना आंबट वाफ सोडतं आणि ती शेजारच्या चित्रांनाही लागते. मुंबईच्या दमट हवेपासून जपायचं म्हणून मी त्याला घट्ट पाकिटात बंद केलं होतं. वाफ आतच कोंडली. बाकीची चित्रं एकेक करून हुंगली. हुंगून हुंगून नाकावरचा भरवसा उडाला. जेवताना सोलकढीचाही संशय यायला लागला.

शेवटी घाटकोपरला गेलो. तिथल्या एका टॉवरात आमच्या छंदातलं मोठं प्रस्थ राहतं. चित्रांसाठी त्याच्याकडे वेगळी खोली आहे, तिला तो आर्काइव्ह म्हणतो. तिथला एसी कधी बंद होत नाही. त्याची आई हॉलमध्ये पंख्याखाली बसते. आत शिरताना पाहुण्याला पांढरे सुती हातमोजे मिळतात. चित्रं सगळी काचेमागे, तरी मोजे घालायचेच. माझं चित्र मात्र त्यानं आर्काइव्हमध्ये येऊच दिलं नाही. जिन्यात, हातभर लांब धरून पाहिलं.

"हा गेला रे," तो म्हणाला. "बाकीचे वाचवायचे असतील तर फेकून दे."

दुसरा काही उपाय नाही का, असं मी विचारलं.

"वेगळा ठेव, मोकळ्या हवेत. थोडा जास्त जगेल. पण उघड्यावर रंगाचे पोपडे पडणार. तुझं तू बघ."

मग त्यानं त्याचा तलवारवाला लिलावात कसा मिळवला ते सांगितलं. ते मी आधीही ऐकलं होतं. या वेळी तलवार जरा लांब झाली होती.

आमच्या दिंडोशीच्या घरात ऊन न लागणारी आणि हवा खेळणारी एकच जागा आहे: हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली, पावसाळ्यात कपडे वाळत घालायची. कॅमेऱ्याखाली सरकू नये म्हणून या चित्रांच्या वरच्या कडेला भोकं असतात. त्यातून दोरा ओवला आणि त्याला दोरीवर टांगलं, एका बाजूला बायकोचे परकर, दुसऱ्या बाजूला माझे बनियन. हॉलमधला टेबलपंखा त्याच्या रोखानं चालू ठेवला.

कोकणात आयुष्य काढून आता आमच्याकडे राहायला आलेली आई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो कोण रे? वाळत कित्याक घातलंस?"

वास येतो, म्हणालो.

"मगे धुवन टाक."

महिनाभरात कपाटातला वास गेला. बाकीची चित्रं बहुधा वाचली. मला मात्र चैन पडेना. फोडणी पडली की मी उठून स्वयंपाकघराचं दार लोटायचो. पेपर वाचता वाचता उठून त्याला हुंगून यायचो. कड थोडी वाकली होती. वास कमी होता, की मला सवय झाली होती, ते ठरवता येईना. "एवढं मला कधी हुंगलं नाहीस," बायको म्हणाली.

गेल्या आठवड्यात आई बोटाच्या टोकावर काहीतरी घेऊन आली. "सुनेची टिकली पडली हा."

लाल होती, पण टिकली नव्हती. दोरीकडे पाहिलं. त्याच्या छातीवर नखाएवढी काच झाली होती आणि तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. डोळे तसेच, अर्धवट मिटलेले. पंख्याच्या वाऱ्यानं तो हलत होता.

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वर.

"पंखो बंद करू?"

बंद केला तर वाफ कोंडणार, चालू ठेवला तर रंग झडणार. तिचा हात बटणापाशी होता. टिकली माझ्या तळहातावर.

"बंद नको," मी म्हणालो. "एकवर ठेव."