खिचडीचा उमेदवार

पाटोद्याच्या आमच्या शाळेत खिचडी शिजवायला बाई हवी होती आणि अर्ज घेऊन आला झुपकेदार मिशांचा एक बाप्या. शाळेच्या समितीत पालक म्हणून मी होतो. नको म्हणणाऱ्यांत पहिला मीच. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अर्ज कुणीही करावा. शिजवून बघू द्या."

त्यानं बाह्या दुमडल्या, तांदूळ तीनदा धुतले, मीठ तळहातावर घेऊन अंदाज घेतला. पोरांनी पातेलं खरवडून खाल्लं. ताट पुढं करत मी तरीही विचारलंच, "बायामाणसांचं काम कावून करता?"

"आधी खाऊन घ्या, साहेब. तिसऱ्यांदा वाढतोय तुमाला."

त्याच्या नेमणुकीवर पहिली सही माझी झाली. संध्याकाळी घरी भातही मीच लावला. बायकोनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.