पंचेचाळीस टक्क्यांवर अंधार

मीटरकाकांनी चौतीस वर्षं लोकांच्या घरचे वीजमीटर वाचले. कुत्र्यांची नजर चुकवत, जिन्याखाली वाकत, कोळिष्टकं बाजूला सारत ते आकडा टिपून घ्यायचे. “एवढं बिल कसं येईल हो?” असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, “मीटर दाखवतंय ते खरं.” मीटर आणि घर यांचा हिशेब जुळला नाही, तर त्यांना एकच शंका यायची: कुणीतरी वीज चोरतंय. बहुतेक वेळा ती खरीही निघायची.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाच्या टोकाला दोन खोल्या बांधल्या. विजेचा शेवटचा खांब त्यांच्या घराच्या अलीकडे तीनशे पावलांवर होता, म्हणून छपरावर सोलर पॅनेल चढवली. बंद पडलेल्या एका टेलिफोन कचेरीतल्या दोन बॅटऱ्या आणून स्वयंपाकघरामागच्या खोपट्यात ठेवल्या आणि तिथल्याच भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, तळहाताएवढा मॉनिटर ठोकला. बॅटरीत किती वीज आली, किती गेली आणि किती टक्के उरली, हे तो दाखवायचा. माहितीपुस्तिका तीनदा वाचून काकांनी त्यात एकेक आकडा स्वतः भरला. रोज सकाळी आठ वाजता पेन्सिल कानावरून काढून ते रीडिंग घेत. स्वतःच्या घरात रीडिंग घ्यायला कुत्र्याची भीती नव्हती, एवढंच काय ते वेगळं.

काकूंची मात्र एक पेटी होती. अंडी उबवायची, चाळीस अंड्यांची. आत ऊब सतत सारखी राहावी लागते, एकवीस दिवस. लग्नाच्या आधीपासून त्यांना कोंबड्यांचा नाद, आणि आता कुठे जागा मिळाली होती. पण दोन खेपा वाया गेल्या. दोन्ही वेळा पहाटे घरातली वीज गेली, पेटी गार पडली. दोन्ही वेळा काका मॉनिटरसमोर उभे राहून म्हणाले, “पंचेचाळीस टक्के आहेत की! वीज जाईलच कशी?”

दुसऱ्या वेळी त्यांनी जुनी शंका घेतली. रात्री काहीतरी चालू राहतंय, मॉनिटरला चुकवून. त्यांनी मिक्सरच्या प्लगवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही करून तारीख घातली.

काकू पट्टीकडे बघतच राहिल्या. “अहो, मी चोर?”

“अगं, तसं नाही. पद्धत असते ती.”

“मग माझीही पद्धत ऐका. बुधवारी माझी धाकटी बहीण येतेय, तिला पेटी देऊन टाकते. मला टक्के नकोत. पेटी किती तास चालेल ते छातीठोकपणे सांगा, तरच ती या घरात राहील.”

पेटी गेली तर बायको बोलून दाखवणार नाही, पण कोपरा रिकामा राहील आणि आपण रोज सकाळी त्याच्यासमोरून रीडिंग घ्यायला जाऊ, हे काकांना दिसत होतं. शनिवारी चहाच्या वेळी ते पुस्तिका घेऊन बसले. काकू समोर भाजी निवडत होत्या.

“हा मॉनिटर उरलेली वीज मोजतो म्हणजे बॅटरीत डोकावतो का?” काकूंनी विचारलं.

“छे. येणारी मोजतो, जाणारी मोजतो. एकूण दोनशेतून वजा करतो.”

“दोनशे काय?”

“अँपिअर-तास. म्हणजे दहा अँपिअर घेतले तर वीस तास पुरेल.”

“आणि दोनशे हे त्याला कुणी सांगितलं?”

“मी.”

“तुम्हाला कुणी?”

“बॅटरीवर छापलंय. शंभर आणि शंभर.”

“कधी छापलंय?”

काका उठून टॉर्च घेऊन खोपट्यात गेले. परत आले तेव्हा आवाज खाली आला होता. “नऊ वर्षं झाली.”

“आपल्या पिंपात गाळ साचला तेव्हा पिंप बाहेरून तेवढंच दिसत होतं,” काकू म्हणाल्या. “पाणी मात्र चार कळश्या कमी मावायचं. मला कसं कळलं? ओतून मोजलं.”

काकांनी पेन्सिल कानावरून काढली. चौतीस वर्षांत छापील आकड्यावर त्यांनी कधी संशय घेतला नव्हता. माणसांवर किती घेतला, ते मोजायची सोय नव्हती.

रविवारी सकाळी सात वाजता मॉनिटर शंभर टक्के दाखवत होता. काकांनी पॅनेलचा खटका पाडला, म्हणजे नवी वीज येणार नाही. मग पंखा, दिवे, टीव्ही असं एकेक लावत मॉनिटरवर बरोबर दहा अँपिअर जुळवले. भर उन्हात घरातले सगळे दिवे जळत होते. दूधवाली दारातूनच म्हणाली, “काकू, लग्न काढलंय का कुणाचं?”

“बॅटरीचं,” काकू म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत नवरी टिकते का बघतोय.”

दर तासाला काका व्होल्टेज, म्हणजे बॅटरीतल्या विजेचा दाब, लिहीत. दुपारपर्यंत ते जेमतेम हललं. काका खुलले. काकूंनी आपण होऊन वहीत डोकावायला सुरुवात केली. चारनंतर आकडा भराभर उतरू लागला.

“पाहुण्यांसारखंच आहे हो हे,” काकू म्हणाल्या. “निघतो निघतो म्हणत तासभर दारात उभे, आणि मग वळून बघावं तर गेलेलेही.”

सहाला व्होल्टेज साडेदहावर आलं. त्याच्या खाली जायचं नाही, असं पुस्तिकेत होतं. अकरा तास, म्हणजे एकशे दहा अँपिअर-तास. त्याच क्षणी मॉनिटर दाखवत होता: पंचेचाळीस टक्के.

दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिले. काका आत गेले आणि मिक्सरवरची पट्टी नखाने खरवडून काढू लागले. डिंक चिवट होता. “चुकलंच माझं,” ते पाठमोरेच म्हणाले.

“ओल्या फडक्यानं पुसा, निघेल,” काकू म्हणाल्या.

मग काकांनी मॉनिटरचं बटण दाबून धरलं, दोनशे पुसले आणि एकशे दहा भरले. निम्म्यावर बॅटरी उतरली की कर्कश वाजेल, अशी सूचनाही लावली, कारण त्याहून खाली रोज नेली तर ती लवकर मरते. खटका वर केला. सोमवार, मंगळवार छान ऊन होतं. मंगळवारी संध्याकाळी मॉनिटर पुन्हा शंभरावर आला आणि काका वही घेऊन स्वयंपाकघरात उभे राहिले.

“पंधरा तास,” ते म्हणाले. “पेटी साडेतीन अँपिअर घेते, तेवढ्या वेळात बॅटरी निम्म्यावर येते. सूर्य मावळल्यावर फक्त पेटी आणि जेवणापुरता एक दिवा. टीव्ही नाही, पंखा नाही. आणि लागोपाठ दोन दिवस ढग आले तर मी काहीच सांगू शकत नाही.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी म्हटलं असावं.

काकूंनी विचार केला. “मी तेरा धरते.”

“अगं, पंधरा मोजलेत मी.”

“धरा की तुम्ही पंधरा. मी तेरा धरते, आणि ढगांसाठी गरम पाण्याच्या बाटल्या तयार ठेवते.” त्यांनी हात पुसून फोन उचलला. “धाकटे, उद्या ये जेवायला, पण रिकाम्या हातानं परत जायचं आहे. पेटी राहतेय.”

काकांनी टोपलीतलं पहिलं अंडं उचललं. दिवसातून तीनदा फिरवायचं, तर कुठली बाजू वर होती ते कळायला हवं. त्यांनी पेन्सिलने एका बाजूला हलक्या हाताने फुली काढली, दुसऱ्या बाजूला क्रमांक घातला, एक, आणि दुसरं अंडं घेतलं.